काट्याला दिशा कळत नाही

रावेतकरांनो, आणि रावेतमधून रोज ये-जा करणाऱ्यांनो, गाडीच्या काट्याकडे एकदा नीट बघा. काटा चाळीसवर असेल तर तुम्ही तासाला ४० किलोमीटरने चालला आहात. एवढंच तो सांगतो. तुम्ही मुकाई चौकाकडे निघालात की डांगे चौकाकडे, हे त्याला माहीत नाही. तुम्ही आपल्या बाजूने चाललात की राँग साइडने घुसलात, हेही त्याला माहीत नाही.

शाळेत आपण हे शिकलो होतो. नववीच्या विज्ञानात गतीचे नियम आहेत. त्यात नुसत्या आकड्याला चाल म्हणतात. आकड्याबरोबर दिशाही सांगितली की त्याला वेग म्हणायचं. परीक्षेपुरतं पाठ केलं आणि सोडून दिलं. पेपरात ‘भरधाव वेगाने’ छापून येतं, रस्त्यावरच्या पाटीवर ‘वेगमर्यादा’ लिहिलेलं असतं. दोन्हीकडे बोलणं चालीचंच असतं. बोलण्यात त्याने काही बिघडत नाही. घरात शास्त्रशुद्ध बोला असा माझा आग्रह नाही.

पण गाडी चालवताना आकडा लक्षात राहतो आणि दिशा विसरते, तिथे जीव जातो.

सुरुवात राँग साइडपासून करू. आपल्याकडे टॉवर भराभर उभे राहिले, रस्त्यांना डिव्हायडर आले. सोसायटीचं गेट समोर दिसतं, पण यू-टर्न लांब असतो. मग माणूस म्हणतो, ‘इथे तर जायचंय, हळू जाऊ.’ हळू जातोही. काटा चाळीसच्या वर जात नाही. त्याला वाटतं, आपण काळजी घेतली.

आता हिशेब करा. तुम्ही चाळीसने उलटे निघालात. समोरून टेम्पो साठने आपल्या हक्काच्या बाजूने येतोय. तुमच्या दोघांत ६० मीटर अंतर आहे. तुम्ही सेकंदाला ११ मीटर पुढे सरकता, तो जवळजवळ १७ मीटर सरकतो. म्हणजे दर सेकंदाला २८ मीटर अंतर संपतं. तुमच्या हातात दोन सेकंद उरतात.

हेच दोघं एका दिशेने चालले असते, तर टेम्पो तुमच्या मागून येत असता. काटे तेच, चाळीस आणि साठ. पण अंतर सेकंदाला साडेपाच मीटरनेच कमी झालं असतं. त्याला सावरायला दहा सेकंद मिळाले असते. दहा सेकंदांत माणूस हॉर्न देतो, ब्रेक मारतो, बाजू बदलतो. दोन सेकंदांत फारतर ‘अरे’ म्हणतो.

धडक झालीच तर काय होतं, तेही समजून घ्या. चाकणच्या पट्ट्यात माल भरलेला कंटेनर तीस टनांचा असू शकतो. तुम्ही आणि तुमची दुचाकी मिळून दोन-अडीचशे किलो. समोरासमोर आदळलात तर कंटेनरचा काटा एका किलोमीटरनेही खाली येत नाही. तुमचं मात्र चाळीसने पुढे चाललेलं शरीर क्षणात साठने मागे ढकललं जातं. हा शंभरचा फरक हाडं, डोकं आणि फुप्फुसं सोसतात. काट्यावर चाळीसच होते, हे सांगायला तुम्ही उरत नाही.

वाचतं काय, तेही मोजा. यू-टर्न घ्यायला दीड किलोमीटर जास्तीचा फेरा पडला, असं धरा. तीसने गेलात तरी तीन मिनिटं लागतात. तीन मिनिटं! तेवढा वेळ आपण लिफ्टची वाट बघण्यात घालवतो.

कायद्याचंही सांगून ठेवतो. वाहतुकीच्या उलट दिशेने गाडी चालवणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक ड्रायव्हिंग धरलं जातं. पहिल्याच वेळी एक ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघातात तुम्ही उलट्या बाजूला होता हे सिद्ध झालं, तर घरच्यांना मिळायच्या भरपाईतही काटछाट होऊ शकते. कमावता माणूस गेल्यावर घरच्यांना हेही ऐकावं लागतं.

तेव्हा घरात आजच ठरवा. आपल्या गेटला येण्याचा सरळ रस्ता कोणता, जाण्याचा कोणता. एकदा सगळ्यांनी मिळून तो बघून घ्या. कॉलेजच्या मुलाला नुसतं ‘हळू जा’ म्हणू नका. ‘यू-टर्न घेऊनच ये’ असं म्हणा. हळू जा म्हटलं की तो राँग साइडने हळू येतो, आणि आईचं ऐकलं असं समजतो.

घरपोच सामान मागवता तेव्हाही हे लक्षात ठेवा. डिलिव्हरीचा मुलगा फोनवर विचारतो, ‘काका, कुठून येऊ?’ त्याला शॉर्टकट सांगू नका. ‘पुढून वळून ये बाबा, पाच मिनिटं उशीर चालेल,’ म्हणा. तोही कुणाच्या तरी घरचा आहे. बहुतेकदा लातूर, नांदेडकडून नाहीतर विदर्भातून पोटासाठी आलेला.

आता हायवेकडे या. देहूरोड–कात्रज बायपास आपल्या उशाशीच आहे. किवळ्याला मुंबईचा द्रुतगती मार्ग येऊन मिळतो. तिथे सपाटीला मोटारींना तासाला १०० किलोमीटरची मर्यादा आहे. बराच वेळ शंभरने आलेल्या माणसाच्या डोळ्यांना साठ म्हणजे जवळजवळ थांबल्यासारखं वाटतं. तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं वाटतं. म्हणून द्रुतगती मार्गावरून उतरलात की मनावर भरवसा ठेवू नका, काट्याकडे बघून चाल कमी करा.

आणि तुम्ही इकडून हायवेला लागत असाल तर उलटं काम करायचं आहे. सर्व्हिस रोडवरून वीस-पंचवीसने थेट मधल्या लेनमध्ये शिरू नका. मागचा ऐंशीने येत असतो. दिशा एकच आहे, पण फरक पंचावन्न-साठचा आहे. तो फरक आधी कमी करा. कडेच्या लेनमध्ये राहून गाडी उचला, इंडिकेटर द्या, आरशात बघा, मान वळवूनही बघा. मागच्याची आणि तुमची चाल जवळ आली की मग सरका.

काही जण म्हणतात, मी कधीच जोरात चालवत नाही, मला कसली भीती? हायवेच्या मधल्या लेनमध्ये तीसने चाललेली स्कूटरही धोक्यातच असते. सगळे ज्या वेगाने चाललेत त्याच्याशी तुमचा फरक किती, हे तिथे मोलाचं. सावकाश जायचंय तर डावीकडे राहा. त्यात कमीपणा नाही.

जोरात चालवण्याची मात्र मी बाजू घेत नाही. चाळीसने जाताना अचानक काही आडवं आलं, तर कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर गाडी थांबायला साधारण वीस मीटर लागतात. ऐंशीने जात असाल तर साठाच्या वर लागतात. चाल दुप्पट झाली की फक्त ब्रेकला लागणारं अंतर चौपट होतं. पावसात तर विचारूच नका.

वळणाची गोष्ट वेगळीच आहे, आणि ती भल्याभल्यांना कळत नाही. वळणावर काटा चाळीसवर स्थिर असला, तरी तुमचा वेग दर क्षणाला बदलत असतो, कारण दिशा बदलतेय. ही दिशा वळवतं कोण? टायर आणि रस्ता यांची पकड. दुसरं काहीही नाही. तुमच्या गाडीला सरळच जायचं असतं. पकड सुटली की ती सरळ जाते, म्हणजे डिव्हायडरवर किंवा समोरच्याच्या अंगावर.

पकड सुटायला आपल्याकडे कारणं हवी तेवढी आहेत. खडी-वाळूच्या डंपरमधून सांडलेली कच, बांधकामाच्या गेटपासून चाकांबरोबर आलेला चिखल, गाड्यांमधून गळलेलं ऑइल. पहिल्या पावसात हे सगळं मिळून साबणासारखं होतं. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबू नका. शिरण्याआधी, गाडी सरळ असतानाच चाल कमी करा. वळणात टायरला वळवायचंही काम आणि थांबवायचंही काम दिलं, तर ते दोन्ही सोडून देतं.

लहान मुलांबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण रोज सकाळी शाळेच्या वेळेला ते दिसतं. स्कूटरवर पुढे, पाय ठेवायच्या जागेत, पोर उभं. हातात पाण्याची बाटली, हनुवटी हँडलच्या रेषेत. मागे आई किंवा बाबा, त्यांच्या मागे दुसरं पोर. काटा पस्तीस-छत्तीस दाखवतोय. छत्तीस म्हणजे सेकंदाला दहा मीटर. कुत्रं आडवं येतं. तुम्ही ब्रेक मारता, गाडी थांबते. पोराला कुणी थांबवलेलं नसतं. ते त्याच दिशेने, त्याच दहा मीटरने पुढेच जातं. हँडल, आरसा, नाहीतर पुढच्या गाडीचा बंपर त्याला थांबवतो.

तुम्ही दोन्ही गुडघ्यांनी धरलंय म्हणून काही होणार नाही असं वाटतं. एवढा जोर गुडघ्यांत नसतो.

सरकारने यासाठी नियम केला आहे. फेब्रुवारी २०२३ पासून तो लागू आहे. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर न्यायचं तर त्याला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांपासून पुढे डोक्याला मापाचं हेल्मेट हवं, आणि चाल चाळीसच्या वर नको. पट्टा वाढदिवसाच्या केकपेक्षा फार महाग नसतो. मोठ्या मुलाला मागे बसवा आणि त्यालाही हेल्मेट घाला. मोटारीत मागे बसलेल्या आजीलाही पट्टा लावा. गाडी थांबते तेव्हा आतली माणसं आपोआप थांबत नाहीत.

कंटेनरच्या वळण्याबद्दल सांगितल्याशिवाय मला हा लेख सोडवत नाही. चाकण, तळेगाव, भोसरीला कामाला जाणाऱ्या प्रत्येकाने हे डोळ्यांनी बघून ठेवावं. लांब कंटेनरला डावीकडे वळायचं असतं, तेव्हा ड्रायव्हर आधी तोंड उजवीकडे काढतो. डावीकडे मोकळी जागा होते. दुचाकीवाल्याला वाटतं, हा उजवीकडे चालला, आपल्याला वाट दिली. तो आत शिरतो. मग तोंड डावीकडे फिरतं आणि मागची चाकं कोपरा कापत आत येतात. त्या मोकळ्या जागेवरूनच ती जातात. तोंडाची दिशा एक, मागच्या चाकांची दुसरी. ड्रायव्हरला उंच केबिनमधून डाव्या बगलेतला माणूस दिसत नाही. सगळं इतक्या सावकाश होतं की काट्यावर पाच-सातसुद्धा नसतात.

तेव्हा चौकात कंटेनरच्या डाव्या बाजूला कधीही उभे राहू नका. त्याचा डावा इंडिकेटर लुकलुकत असेल तर मागेच थांबा. त्याच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही असं समजा. कंपनीच्या बसमधून उतरलात तर बसच्या पुढून रस्ता ओलांडू नका. बस जाऊ द्या, मग दोन्हीकडे बघा. एकेरी रस्ता असला तरी दोन्हीकडे बघा, कारण राँग साइडवाले आहेत.

घाईबद्दल घरोघर एक गैरसमज आहे. जोरात गेलं की लवकर पोचतो. रावेतहून चाकण वीस-पंचवीस किलोमीटर. संध्याकाळी सव्वा तास लागला, तर सरासरी पडते तासाला फारतर वीसची. मध्ये मोकळा रस्ता मिळाला म्हणून कुणी दोन मिनिटं ऐंशी मारले, तर पुढच्या सिग्नलला तो तुमच्याच शेजारी उभा असतो. सहा किलोमीटर मोकळे मिळाले तरी साठने सहा मिनिटं आणि ऐंशीने साडेचार. दीड मिनिट वाचवून तो करणार काय? शिफ्टला उशीर होत असेल तर घरातून पंधरा मिनिटं आधी निघा. डबा रात्री अर्धा तयार करून ठेवा. गाडीची चावी कुठे आहे हे सकाळी शोधावं लागू नये, एवढी व्यवस्था करा. वेळ घरात वाचतो, रस्त्यावर फारसा वाचत नाही.

घरात नववीचं मूल असेल तर त्याला ही सगळी उदाहरणं द्या. त्याला विचारा, घरातून बास्केट ब्रिजपर्यंत जाऊन परत घरी आलास, तुझा सरासरी वेग किती? ते गोंधळेल. उत्तर शून्य आहे. जिथून निघाला तिथेच आला, म्हणजे विस्थापन शून्य, म्हणून सरासरी वेगही शून्य. चाल मात्र शून्य नाही, पेट्रोल जळलंच. हे एकदा पटलं की चाल अदिश (नुसता आकडा) आणि वेग सदिश (आकडा आणि दिशा) हे पाठ करावं लागत नाही.

थोरला हिंजवडीला आयटीत असेल तर तो मध्येच बोलेल, ‘आमच्याकडेही व्हेलॉसिटी असते.’ असते खरी. टीमने ठरलेल्या दिवसांत किती काम उपसलं, त्याचा तो आकडा. पण त्यात दिशा कुठे आहे? काम भलतीकडेच चाललं असलं तरी आकडा वाढतोच. म्हणजे नाव वेगाचं आणि मोजतात चालच. त्याला सांगा, बाबा, ऑफिसात काहीही म्हणा, गाडीवर बसलास की नववीचं पुस्तक आठव.

दिशेचं हे गणित पाण्यातही लागतं, म्हणून पावसाळ्यात पवना नदीची आठवण करून देणं माझं काम आहे. रावेतच्या बंधाऱ्यातूनच शहराला प्यायचं पाणी उचललं जातं, त्यामुळे नदी आपल्याला घरची वाटते. वर धरणातून पाणी सोडलं की ती घरची राहत नाही. चांगला पोहणारा माणूस सेकंदाला एक मीटर पोहतो असं धरा. पाणी दोन मीटरने वाहत असेल आणि तो प्रवाहाच्या विरुद्ध हात मारत असेल, तर तो पोहतोय पण दर सेकंदाला एक मीटर मागेच जातोय. दमतो आणि बुडतो. मुलांना सांगा, पुराच्या पाण्यात उतरायचंच नाही. चुकून कुणी ओढलं गेलंच तर प्रवाहाशी भांडायचं नाही, वाहता वाहता तिरकं काठाकडे सरकायचं. काठावरच्यांनी उडी न मारता दोरी, ओढणी, बांबू, जे हाताला लागेल ते टाकायचं.

सोसायटीच्या पुढच्या बैठकीत पार्किंगचा वाद थोडा बाजूला ठेवा आणि दहा मिनिटं राँग साइडच्या विषयाला द्या. आपल्या गेटबाहेर लोक राँग साइडने का येतात, ते बघा. कधी यू-टर्न खरोखर फार लांब असतो. कधी डिव्हायडर कुणीतरी मध्येच फोडलेला असतो. कधी वळणावर दिवाच नसतो. शहरातल्या रस्त्याची तक्रार महापालिकेच्या सारथी हेल्पलाइनवर करा, नंबर ८८८८००६६६६. हायवेवरच्या अडचणीला १०३३. टोकन नंबर मिळाला तर तो लिहून ठेवा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा विचारा. एकट्याच्या तक्रारीपेक्षा पन्नास घरांच्या सह्यांचं पत्र लवकर वाचलं जातं.

आणि कधी अपघात दिसला, १०८ ला फोन लावलात, तर नुसतं ‘रावेतजवळ, हायवेवर’ असं सांगून फोन ठेवू नका. मुंबईकडे जाणारा रस्ता की साताऱ्याकडे जाणारा, हे आधी सांगा. मग जवळची खूण सांगा, अंडरपासच्या अलीकडे की पलीकडे. मधे डिव्हायडर असतो. चुकीच्या बाजूला आलेली रुग्णवाहिका जखमी माणसाच्या पंधरा फुटांवर असूनही त्याच्यापर्यंत पोचू शकत नाही. तिला पुढच्या वळणापर्यंत जाऊन परत यावं लागतं.